वरचे केस, खालची लव

माझ्या धंद्याला आमच्या भागात अजून धड नाव नाही. शिरूर कासारच्या बाजारातून पिशवी घेऊन निघालो की टपरीवरून कुणीतरी ओरडतंच, "तात्या, आज कुणाच्या कुत्र्याचं लगीन हाय?" बायका मला 'कुत्रे विंचरणारे तात्या' म्हणतात. आमच्या घरच्या मंडळींना कुणी विचारलं तर त्या नुसतं "गेलेत कुटंतरी" एवढंच सांगतात. मला राग येतो. पण तारेचा ब्रश, मोठ्या दातांचा फणा आणि कुत्र्याचा शाम्पू पिशवीत घेऊन हिंडणाऱ्या माणसानं रागावून जायचं तरी कुठं?

त्याआधीची नोकरी तरी कुठं मिरवण्यासारखी होती? पशुवैद्यकीय दवाखान्यात मी व्रणोपचारक होतो. हा सरकारी शब्द. त्याचा अर्थ असा, की डॉक्टरांनी सुई टोचायची आणि आपण बैलाचं शिंग धरायचं. डॉक्टरांनी औषध लिहायचं आणि आपण जखमेतल्या अळ्या वेचायच्या. फिनाईलच्या वासात उभी नोकरी गेली. तिथं कुत्रं यायचं ते बहुतेक गाडीखाली सापडलेलं, नाहीतर लोकांनी दगड मारून आणलेलं. सोफ्यावर झोपणारं, अंगभर केसांचं कुत्रं मी पहिल्यांदा हाताळलं ते निवृत्त झाल्यावर, केजला मुलीकडं गेलो होतो तेव्हा.

तिच्या शेजारी एका दुकानदाराकडं पांढरंशुभ्र पॉमेरेनियन होतं. त्याच्या दोन्ही कानांमागं गुंत्याचे गोळे झाले होते. घरच्यांनी गुंता सुटावा म्हणून त्याला शिकेकाईनं न्हाऊ घातलं आणि ओलंच मोरीत कोंडून ठेवलं. ओला गुंता सुटत नाही, आवळतो. मी बघितलं तेव्हा गोळ्याखालची कातडी सडली होती आणि कुत्रं कानाला हात लावला की चावायला येत होतं. मी बोटांनी, थोडं खोबरेल लावून, एकेक केस मोकळा करत बसलो. दुपार गेली. दुकानदारीणबाई मला म्हणाल्या, "तुमाला बायामाणसावानी धीर हाय बघा." नोकरीत माझं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. जावयानं ऑनलाइन ब्रश मागवून दिले आणि मी या धंद्यात पडलो.

आता हा धंदा काय आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड, गोल्डन, हस्की, या सगळ्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा केस लांब, राठ आणि सरळ. पाऊस आणि ऊन तो वरच्या वर अडवतो. त्याच्या खाली, कातडीला चिकटून, सरकीवरच्या कापसासारखी दाट लव. ती थंडीत ऊब धरते आणि उन्हाळा लागला की आपोआप सुटते. सुटलेली लव आत अडकून राहिली तर कुत्रं उकडतं. ती काढून टाकली की वरच्या केसांखालून हवा खेळते. माझं काम एवढंच, सुटलेली लव काढणं. पण ते आंघोळीच्या आधी करायचं असतं. बोटांनी केस दुभंगून भांग पाडायचा, भांगात कातडी दिसली पाहिजे, आणि तिथून ओळीनं खाली खाली विंचरत जायचं. नुसता वरून ब्रश फिरवला की कुत्रं चकचकीत दिसतं आणि काखेत, मांडीमागं, शेपटीखाली गुंता तसाच राहतो. मग कोमट पाणी, साबणाचा फेस पार निघून जाईपर्यंत. आणि मग कातडीपर्यंत कोरडं करणं, जे कुणीच करत नाही. वरून वाळलेलं आणि आतून ओलं राहिलेलं कुत्रं वास मारतं, खाजवतं, जखमा करून घेतं.

एक गोष्ट मात्र करायची नाही. त्याला कातरायचं नाही. वरचा केस गेला की ऊन थेट कातडीवर पडतं, आणि त्या कातडीनं जन्मात ऊन बघितलेलं नसतं.

हे मी घरोघर सांगतो आणि घरोघर मला ऐकवलं जातं, "आपल्याकडच्या उन्हात एवढे केस? काढून टाका की सरळ!" केजच्या एका भाऊसाहेबांचं गाऱ्हाणं वेगळं होतं. त्यांच्या जर्मन शेफर्डचे केस घरभर पडायचे. मला म्हणाले, "केस गळायचे बंद करून द्या." मी त्यांच्या टकलाकडं बघून म्हणालो, "साहेब, तुमचे थांबले का?" त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. एका ठेकेदारानं घोड्याएवढं सेंट बर्नार्ड आणून गच्चीवर पत्र्याखाली टेबलफॅन लावून ठेवलं होतं. मी म्हणालो, हे बर्फातलं जनावर आहे, थंड गावाला कुणाला तरी द्या. तो म्हणाला, "मंग आमचा रुबाब कुटं ऱ्हाईल?" पुढच्या उन्हाळ्यात गेलो तर गच्चीवर नुसती साखळी उरली होती आणि फॅन त्यांनी खाली हॉलमध्ये नेला होता. मी त्या घरी नंतर पाणीसुद्धा प्यालो नाही.

आमच्या लोकांना कातरण्याचं वेड का, हे मला चांगलं माहीत आहे. इथं निम्म्या लोकांनी मेंढरं बघितलेली आहेत. कातरलेलं मेंढरू हातातून सुटलं की उड्या मारत पळतं. हे डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला तुम्ही केसांचे थर काय समजावणार? आणि मी तर मेंढपाळाच्याच घरातला.

माझा थोरला भाऊ अण्णा. मी शाळेत गेलो, तो मेंढरांमागं गेला. कातरण्यात आसपासच्या गावांत त्याला तोड नव्हती. मेंढरू आडवं पाडून, पाय बांधून, पोटाकडून पाठीकडं तो अशी कातर चालवायचा की सगळी लोकर एका तुकड्यात उलगडून यायची. अंगावर एक ओरखडा नाही. लोक आपलं काम सोडून बघत उभे राहायचे, आणि मी लहानपणी त्यांच्यात उभा राहून छाती फुगवायचो. अण्णाची एक शिस्त होती, ती आमच्या वडिलांपासून आलेली. कातरलेली लोकर भरून मालकाच्या हातात द्यायची. एक पुंजकासुद्धा कातरणाऱ्यानं ठेवायचा नाही, जमिनीवर राहू द्यायचा नाही. पुढं लोकरीला कुणी विचारेना. मालक म्हणायचे, "फेकून द्या अण्णा." तरी हा पिशवी भरून द्यायचा. म्हणायचा, "जनावराचं हाय, जनावराच्या घरी जाऊ दी."

आता अण्णाकडं मेंढरं नाहीत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, गुडघे गेलेत. तो दिवसभर ओट्यावर बसून असतो. कातर मात्र खुंटीला आहे आणि तिला तो अजून तेल देतो. माझ्या धंद्याची त्याला गंमत वाटायची. आल्यागेल्याला सांगायचा, "ह्यो कुत्र्याला कातरायचं सोडून इचरत बसतोय. दवाखान्यात ऱ्हाऊन हात गेला ह्याचा." मी हसून सोडून द्यायचो. केसांच्या बाबतीत अण्णाला दोन शब्द सांगावेत असं माझ्या मनात कधी आलं नाही.

आता कौसाबाईचं सांगतो.

कौसाबाई आमच्या गावापासून लांब, माळावरच्या वस्तीवर राहते. नवरा कधीच गेला. दरसाल दिराच्या टोळीबरोबर ती ऊस तोडायला जाते, अर्धा कोयता म्हणून. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस अर्धा. तिचा एकुलता एक मुलगा पुण्यात टेम्पो चालवायचा. टेम्पोच्या मालकाकडं हस्की कुत्रं होतं. त्यांना ते नकोसं झालं, तेव्हा या पोरानं मागून घेतलं आणि आपल्या खोलीवर ठेवलं. नाव रॉकी. पुढं पोरगा रस्त्यावर अपघातात गेला. त्याच्या दोस्तांनी जीपमधून त्याची कपड्यांची बॅग आणि हे कुत्रं आईकडं आणून सोडलं. वस्तीवर रॉकीचं राक्या झालं.

निळ्या डोळ्यांचं, करड्या-पांढऱ्या केसांचं ते जनावर बघून वस्तीवरची माणसं लांडगा आला म्हणून आत पळायची. कौसाबाई त्याला ऊसतोडीला घेऊन गेली. तिकडं थंडीत ते मजेत राहिलं. कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या दारात आडवं पडायचं आणि तिला पहाटे उसाच्या फडात पोचवून यायचं. पण हंगाम संपवून टोळी परत आली ती आमच्या उन्हात. कुत्रं दिवसभर धापा टाकू लागलं. तेव्हा तिनं मला बोलावणं पाठवलं.

मी गेलो तर ती राक्याला मांडीशी घेऊन छपरात बसली होती. म्हणाली, "तात्या, लई धापा टाकायलंय. ह्याला कातरा."

मी तिला सगळं सांगितलं. वरचे केस, खालची लव, सगळं. तिनं मान हलवली. मग म्हणाली, "बरं, इचरा. पर धुऊ नगा."

"का?"

"माज्या लेकराच्या हातरुणात झोपायचं हे. बॅगंतले कपडे म्या आल्या आल्या धुतले, येडीनं. आता त्याचा वास ह्याच्याच अंगाला हाय तेवढा."

इतक्या महिन्यांनी कसला वास आलाय, ऊसतोडीचा धूर आणि पाचट एवढाच होता तो. पण मी ते बोललो नाही. शाम्पूची बाटली पिशवीतून काढलीच नाही. कडुलिंबाखाली बसून मी भांग पाडून विंचरायला घेतलं. लव अशी सुटली की फणा भरून भरून ढीग झाला. कौसाबाई तोंडावर पदर धरून म्हणाली, "आगं बया, आतून आनखी एक कुत्रं निघालं!" तिला हसताना मी तेव्हा बघितलं, नंतर नाही. तेवढ्यात वाऱ्याची वावटळ आली आणि ढीग माळावर पसरला. बाभळीच्या काट्यांना लव अडकली. ती उठून त्यामागं पळाली आणि सापडतील तेवढे पुंजके वेचून ओटीत घेऊन आली. उरलेले उडून गेले ते ती बघत राहिली.

मी निघताना पुन्हा बजावलं. दिवसा घरात ठेवायचं, बाहेर न्यायचं नाही. पोटाला, पायाला ओलं फडकं लावायचं. कातरायचं नाही. ती म्हणाली, "न्हाई तात्या. तुमी म्हणता म्हणल्यावर न्हाई." आणि ती खरंच तसं वागली असती. पण ऊन वाढत गेलं आणि मी मुलीच्या आजारपणामुळं केजला गेलो तो तिकडंच अडकलो.

मी नसताना काय झालं ते मला दोघांकडूनही कळलं. कुत्र्याची धाप तिला बघवेना. फोन करून मला पुन्हा तेच विचारायला ती लाजली. बाजाराला जाताना राक्याला बरोबर घेऊन अण्णाच्या ओट्याशी थांबली आणि त्याला म्हणाली, तात्या न्हाईत, तुमी बघता का. अण्णानं कुत्र्याच्या पाठीत हात घातला आणि म्हणाला, "येवढं वझं घिऊन जनावर कसं जगंल? आन कातर हिकडं."

लई दिवसांनी त्याला कुणीतरी काम सांगितलं होतं. गाव गोळा झालं. अण्णाला नीट दिसत नाही, त्यानं बोटांनी चाचपत कातरलं. राक्या मुकाट पडून राहिला, कारण कौसाबाई त्याच्या तोंडाशी बसली होती. सगळे केस उतरले, डोक्यावरचे केस आणि शेपटीचा झुपका तेवढा राहिला. कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपलं. त्यात अण्णा हसताना दिसतो. त्याचे पुढचे दात नाहीत, तरी तोंड भरून हसतोय. शेवटी तो ओटा हातानं झाडून, केस न् केस गोळा करून पांढऱ्या खताच्या पिशवीत भरतो आणि पिशवी कौसाबाईच्या हातात देतो. माझ्याकडून माळावर उडून गेले होते. अण्णानं एक केस उडू दिला नाही. याचंच तिला लई अप्रूप वाटलं होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं.

आणि अण्णानं तिला सांगितलं, "आता सोड मोकळं रानात. कातरलेल्या जनावराला ऊन बाधत न्हाई."

मेंढराच्या बाबतीत त्याचा तोच अनुभव होता. कौसाबाईनं दुसऱ्याच दिवसापासून राक्याला कामावर न्यायला सुरुवात केली. कांदे काढायचं काम चाललं होतं. तोवर दिवसभर घरात राहणारं कुत्रं आता बांधावर, बाभळीच्या सावलीत बांधलेलं असायचं. तिला वाटलं, एकटं घरात कोंडण्यापेक्षा डोळ्यांपुढं बरं. बाभळीची सावली ती केवढी, आणि दुपारी ती सरकते. बाई वाफ्यात वाकलेली. मान वर करून बघितलं तेव्हा सावली पलीकडं गेली होती आणि राक्या उन्हात आडवा पडला होता.

मी त्याच दिवशी केजहून परतलो होतो. एसटीतून उतरून घरी पोचलो तोच पिकअप दारात आली. कांद्याच्या गोण्यांवर कौसाबाई आणि तिच्या मांडीवर कुत्रं. आधी मला ते राक्या आहे हेच कळेना. उघडी कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती, पाठीवर फोड आले होते. हिरड्या विटेच्या रंगाच्या. अंगाला हात लावला तर चटका बसावा असं तापलेलं. मी पाण्याच्या बादल्या ओतल्या, ओली पोती घातली, पंखा लावला. ओळखीच्या डॉक्टरांना बोलावून सलाईन लावलं. माझ्या नोकरीत जे जे शिकलो ते सगळं केलं. राक्याला फेफरं यायला लागलं, मग रक्ताची हगवण. दिवस मावळायच्या आत ते गेलं.

खोटं कशाला सांगू, केस असते तरी त्या उन्हात बांधलेलं हस्की वाचलंच असतं अशी हमी मी देणार नाही. पण केस असते तर ती त्याला उन्हात नेणारच नव्हती. मला इतका संताप आला होता की मी तसाच अण्णाच्या ओट्याकडं निघालो. कौसाबाईनं माझा हात धरला.

"अण्णाला सांगू नगा, तात्या."

"सांगू नको? अगं, काय करून ठेवलं त्यानं!"

"त्यानं काय केलं? म्या म्हणलं कातरा म्हणून. लेकरावानी कातरलं हो त्यानं. बघा की, कुटं वरखडा हाय का?"

मी बघितलं. सबंध अंग लाल, फोड आलेलं, आणि कातरीची एक खूण नाही. मी खाली बसलो. तिनं माझ्याकडून शब्द घेतला आणि कुत्र्याला पिकअपमध्ये घालून माळावर पुरायला घेऊन गेली.

त्यानंतरचे दिवस मला फार जड गेले. अण्णाच्या ओट्यावर बसणं मी टाळू लागलो, पण जेवायला हाक मारली की जावंच लागे. तो विचारायचा, "कौसाचं कुत्रं कसं हाय?" मी म्हणायचो, "बरंय." तो मान डोलवायचा. माळ त्याच्या ओट्यापासून लांब, आणि त्याच्या तोंडावर कुणी वाईट बोलत नसे. वर तो मोबाईलवरचा व्हिडिओ तालुकाभर फिरला होता. जो तो येऊन म्हणायचा, "अण्णा, फेमस झालाव की तुमी!" म्हातारा पुन्हा अंघोळ करून, पटका बांधून ओट्यावर बसू लागला. कातरीला रोज तेल. वहिनी म्हणाल्या, दोन घास जास्त जेवतात आताशा. मी ऐकून घ्यायचो. पुढं काय होणार हे मला दिसत होतं.

ते झालंच. तलवाड्याचे एक हॉटेलवाले जीपमध्ये गोल्डन कुत्रं घालून आले. सोनेरी, गुबगुबीत, सगळ्यांचे हात चाटणारं. मी पोचलो तेव्हा अण्णानं त्याच्या पायांना फडकं गुंडाळायला घेतलं होतं.

"अण्णा, हे राहू दे," मी म्हणालो.

"कावून?"

"कुत्र्याचं वेगळं असतं."

"काय येगळं असतं? कौसाच्या कुत्र्याचं काय येगळं झालं? पळायलंय न माळावर?"

मी फडक्याचं टोक धरून ठेवलं. हॉटेलवाले हसून म्हणाले, "तात्या, तुमचा धंदा बसंल म्हणून आडवे येताव का?" माझ्या तोंडात असा एक शब्द आला होता, की तो माणूस परत शिरूरच्या रस्त्याला लागला नसता. तो मी गिळला. अण्णाची बोटं कुत्र्याच्या पाठीवर होती आणि चेहऱ्यावर मी लहानपणी बघायचो तो आनंद होता.

मला एकच सुचलं. म्हणालो, "बरं, कातर. पण आधी मला विंचरू दे. आत गुंता असला तर कातर अडकून कातडी कापंल." कातडी कापली जाण्याचं भय अण्णाला जन्माचं. तो बाजूला सरकला. मी घरामागं जाऊन कौसाबाईला फोन लावला. सांगितलं, असं असं आहे, मला त्या शब्दातून सोडव. तिनं कुत्रं कुणाचं ते विचारलं. मग म्हणाली, "म्याच येते. तवर कातर लागू दिऊ नगा."

माळावरून ओट्यापर्यंत चालत यायचं होतं तिला, उन्हात. मी कुत्र्याशेजारी मांडी घातली आणि भांग पाडला. एवढं सावकाश मी आयुष्यात विंचरलं नव्हतं. एक भांग, त्याच्या खाली दुसरा, कानामागं, गळ्याखाली, पुन्हा कानामागं. हॉटेलवाले घड्याळ बघत होते. अण्णा म्हणाला, "आरं, झालं का न्हाई? येवढ्यात म्या चार मेंढरं मोकळी केली असती." मी म्हणालो, मांडीमागं गुंता आहे. तिथं गुंता नव्हता. कुत्रं मजेत डोळे मिटून पडलं होतं.

कौसाबाई आली ती पांढरी पिशवी छातीशी धरून. ओट्यावर चढली, कुत्रं आणि अण्णा यांच्या मध्ये बसली आणि पिशवी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"अण्णा, ही लोकर वापस घ्या."

"कावून गं? तुजी हाय ती."

"ज्याची हुती त्यो न्हाई ऱ्हायला. कांद्याच्या रानात उन्हानं गेला. तुमी कातरल्यावर." मग घाईघाईनं म्हणाली, "तुमाला बोल न्हाई लावत. म्याच म्हणलं व्हतं कातरा. पर हे दुसऱ्याचं हाय. ह्याला कातरू नगा."

अण्णानं माझ्याकडं तोंड फिरवलं. "तुला म्हाईत हुतं?"

"होय."

पिशवीचं तोंड सोडून त्यानं आत हात घातला आणि मूठभर केस काढले. डोळ्यांजवळ नेले, मग दिसत नाही म्हणून मांडीवर ठेवून बोटांनी चाळवू लागला. लोकर ओळखणारी बोटं ती. अंगठा आणि तर्जनीत धरून त्यानं लांब केस एकेक ओढून काढले आणि उजव्या बाजूला ठेवले. मऊ लव डाव्या बाजूला. पुन्हा मूठ काढली, पुन्हा तसंच.

"हे दोन जातीचं हाय," तो म्हणाला. "वरचं येगळं, खालचं येगळं. मेंढराला असं न्हाई."

"नाही."

"ह्यातलं उन्हाचं कोणतं?"

"वरचं. लांब आहे ते."

"आन म्या कोणतं कातरलं?"

खोटं बोलता आलं असतं. मी बघितलं, कौसाबाई खाली मान घालून बसली होती.

"दोन्ही, अण्णा."

हॉटेलवाल्यांनी आपल्या कुत्र्याच्या पायांचं फडकं सोडलं आणि ते निघून गेले. जीप कधी गेली ते आम्हाला कळलंही नाही. अण्णा केस निवडत राहिला. वहिनी चहा घेऊन आल्या, तो तसाच निवला. ओट्यावरचं ऊन उतरलं तरी त्याचे हात थांबले नाहीत, आणि त्याला थांबवायची माझी हिंमत झाली नाही. कौसाबाई समोर बसून होती. वाऱ्याची झुळूक आली की ती लवेच्या ढिगावर पदर धरायची.

पिशवी रिकामी झाली तेव्हा अण्णापुढं दोन ढीग होते. लांब केसांचा लहान, लवेचा मोठा. कौसाबाईनं दोन्ही हातांनी ते परत एकत्र केले, पिशवीत भरले आणि तोंड बांधून उठली. अण्णानं ओट्यावरून तळहात फिरवला.

"थांब," तो म्हणाला. "एक पुंजका खाली ऱ्हायलाय."

तिनं तो त्याच्या हातातून घेतला आणि माळाकडं चालू लागली.